शून्य, एक, दोन, तीन, पाच

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला भुताची, चोराची आणि उंदराची भीती वाटेनाशी होते. त्याला झोपू देत नाही तो फक्त गहाळ झालेला आकडा. तीन नंबरचे व्हाउचर सापडले, पाच नंबरचे सापडले आणि चार नंबरचे सापडले नाही, तर आमच्या शाखेत कोणी घरी जात नाही. टेबले सरकवली जातात, कपाटांच्या मागे फूटपट्ट्या घातल्या जातात, कचऱ्याच्या टोपलीचे उत्खनन होते. शेवटी रात्री आठ वाजता ते व्हाउचर साहेबांच्याच पेपरवेटखाली निघते आणि साहेब म्हणतात, "मी मघापासून हेच म्हणतोय, नीट बघा."

तेव्हा ज्या खेळात शून्य, एक, दोन, तीन आणि त्यानंतर एकदम पाच असे गुण देतात, त्या खेळाची आणि माझी गाठ पडली त्या रात्री मला झोप लागली नाही, यात माझा काही दोष नाही.

ही गाठ पडली कन्येच्या लायसन्समुळे. तिला अठरा पूर्ण झाली आणि ती स्कूटरच्या पक्क्या लायसन्सची परीक्षा द्यायला गेली. परीक्षा सोपी असते. जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवायची आणि पाय टेकायचा नाही. आता हा आठ मराठी असता तर कोणीही काढला असता. एक उतार मारून सरळ घरी येता आले असते. पण परीक्षेला लागतो इंग्रजी आठ. कन्येने पाऊण आठ झकास काढला. उरलेल्या पाव आठात, शेवटच्या वळणावर, तिचा डावा पाय एकदाच, बोटभर, जमिनीला लागला. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "नापास. पुढचा!"

पुढचा म्हणजे एक दणकट तरुण होता. त्याने पहिल्याच वळणावर आठाचा नाद सोडला, दोन खुणेचे ठोकळे आडवे केले आणि गाडी थेट साहेबांच्या खुर्चीपाशी आणून पाडली. साहेब उठून बाजूला होत म्हणाले, "नापास. पुढचा!"

घरी आल्यावर कन्या रडली ती नापास झाली म्हणून नव्हे. "बाबा, तो आणि मी सारखेच?" एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." काउंटरच्या आत बसणाऱ्या माणसाच्या तोंडात हे वाक्य सुपारीसारखे कायम असते. पण ते बोलताना मला स्वतःलाही कसेसेच झाले.

संध्याकाळी भाचा आला. तो इंजिनियरिंगला आहे, म्हणजे त्याच्याकडे प्रत्येक दुःखावर एक व्हिडिओ असतो. त्याने मोबाइल पुढे केला. "ताई, हे बघ. ही माणसं पाय टेकू नयेत म्हणूनच जन्माला आलीत." पडद्यावर एक मोटारसायकलवाला आमच्या फ्रीजएवढ्या दगडावर गाडीसकट उभा होता. गाडीला सीटच नव्हती. तो क्षणभर विचारात पडल्यासारखा स्थिर राहिला आणि मग दुसऱ्या फ्रीजवर गेला. मागे कोणी पाठलाग करत नव्हते, पुढे कोणी पळत नव्हते. बाजूला एक गृहस्थ मात्र अगदी आमच्या ऑडिटरच्या चेहऱ्याने त्याच्या पायांकडे बघत उभे होते.

"याला ट्रायल म्हणतात, मामा. शर्यत नाही. पाय टेकला की एक. दोनदा टेकला की दोन. तीनदा की तीन. जमलंच नाही तर पाच. ज्याचे कमी, तो जिंकला."

"आणि चार?"

"चार नसतो."

"नसतो म्हणजे?"

"नसतो म्हणजे नसतो!"

आमची ही आतून म्हणाली, "अहो, सोडा ना." पण चार नंबरचे व्हाउचर सोडून मी आजवर कधी घरी गेलेलो नाही. मी शोध घ्यायचे ठरवले.

या खेळाचे कोष्टक एका पोस्टकार्डावर मावते. डोंगर, ओढा, चिखल, झाडांची मुळे, मोठमोठे धोंडे अशा ठिकाणी दोन्ही बाजूंनी पट्ट्या किंवा खुणा लावून थोड्या थोड्या अंतराचे टप्पे आखतात. प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक. टप्पा आधी पायी फिरून बघायला मुभा असते. पाय टेकायचे ते तेव्हाच टेकून घ्यावेत. एकदा गाडी आत शिरली की पाय जमिनीला लागला रे लागला, एक गुण गेला. दुसऱ्यांदा लागला, दोन. तिसऱ्यांदा, तीन. त्यानंतर मात्र कितीही टेका, तीनच. थाळीतल्या ताकासारखा हा प्रकार आहे. तीन वाट्यांनंतर हिशेब बंद. पण गाडी पडली, पट्टीबाहेर गेली किंवा टप्पा अर्धवट सुटला, तर पाच. पायही न टेकता बाहेर आलात तर शून्य, आणि शून्यासारखे दुसरे काही नाही.

म्हणजे या खेळात मिळवायचे असे काही नसते. जपायचे असते. मला हे एकदम ओळखीचे वाटले. कॅशियरने दिवसभर लाखो रुपये बरोबर मोजले तर त्याला कोणी हार घालत नाही. संध्याकाळी फरक शून्य आला की तो डबा उचलून घरी जातो. शंभर रुपये कमी आले तर ते त्याने खिशातून भरायचे. आणखी गंमत म्हणजे दोघांचे एकूण गुण सारखे आले, तर ज्याच्या कार्डावर शून्ये जास्त तो वरचा. बी.कॉम.च्या तीन वर्षांत शून्याला असा मान मिळालेला मी पाहिला नव्हता.

आता हा उलटा हिशेब सुरू कुठून झाला? तर संशयातून. ट्रायल म्हणजे चाचणी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मोटारसायकल म्हणजे इंजिन बसवलेली सायकल. पट्टा पावसात घसरायचा आणि चढ आला की मालक उतरून गाडीला हाताशी धरून वर न्यायचा. गाडी घरापर्यंत पोचेल की नाही हाच खरा प्रश्न. इंग्लंडात १९०३ मध्ये ऑटो-सायकल क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्याने हजार मैलांची चाचणी घेतली. १९०९ मध्ये स्कॉटलंडात एडिंबराच्या मंडळींनी आणखी एक कित्येक दिवसांची चाचणी सुरू केली. 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' या नावाने ती आजही भरते. मध्ये दोन महायुद्धांनी आणि करोनानेही ती थांबवली होती. फोर्ट विल्यम हे तिचे ठाणे, आणि ब्रिटनमध्ये सर्वात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत या गावाची गणना होते. सहा दिवस, रोज तीसेक टप्पे आणि भिजलेले निरीक्षक.

सुरुवातीला परीक्षा यंत्राची होती, माणसाची नव्हे. म्हणूनच पाय टेकण्याला एवढे वजन आले. चढावर पाय टेकून गाडीला रेटा देणे म्हणजे पोराच्या पेपरात बापाने उत्तर लिहिण्यासारखे. पुढे गाड्या सुधारल्या आणि सगळेच पास होऊ लागले. सगळे पास झाले की पेपर काढणाऱ्याला करमत नाही, हे जगभर सारखेच. त्यांनी रस्ता सोडला आणि परीक्षा ओढ्यात नेली.

१९१४ मध्ये यॉर्कशरमध्ये आल्फ्रेड अँगस स्कॉट नावाच्या कारखानदाराने तर कमालच केली. हा मोटारसायकली बनवायचा. शिप्लीच्या कारखान्यातल्या आपल्याच कामगारांना त्याने आव्हान दिले की येथून डोंगराळ मुलखातून बर्नसॉल गावापर्यंत गाडी चालवून दाखवा. चौदा जण निघाले, नऊ पोचले. आमच्या साहेबांनी असे आव्हान दिले असते तर चौदाच्या चौदा जणांनी युनियनचे ऑफिस गाठले असते. या 'स्कॉट ट्रायल'मध्ये आजही दोन हिशेब एकदम चालतात. पाय टेकला तर गुण जातात, आणि सर्वात वेगवान स्वाराच्या मागे जितका वेळ पडाल तेवढे आणखी गुण जातात. लवकर करा आणि चूक करू नका. हे वाचून मी भाच्याला म्हणालो, "ही तर एक तारखेची कॅश काउंटरवरची रांग झाली!"

दक्षिण इंग्लंडातल्या मंडळींना १९२४ मध्ये अशीच स्पर्धा भरवायची होती, पण पाय मोजण्याची कटकट नको होती. वरच्या संस्थेने सांगितले की निरीक्षणाचे टप्पे नसतील तर आम्ही त्याला ट्रायल म्हणणार नाही. म्हणून त्यांनी तिला 'स्क्रँबल' म्हटले, म्हणजे झुंबड. सरेमधल्या कँबर्ली येथे ती झाली आणि तिच्यातून पुढे आजचे मोटोक्रॉस निघाले. निरीक्षक आणि कार्ड काढून घेतले की उरते ती धावाधाव. ऑडिट बंद केल्यावर बँकेतही दुसरे काही उरणार नाही.

आणि हो, या सगळ्यात आपल्या ओळखीची एक गाडीही आहे. १९५२ आणि १९५७ या दोन्ही साली स्कॉटलंडची ती सहा दिवसांची चाचणी जॉनी ब्रिटन या इंग्रज स्वाराने जिंकली, ती साडेतीनशेच्या रॉयल एन्फील्ड बुलेटवर. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासेत बनू लागली. आमच्या गल्लीतले दूधवाले जिच्यावर कॅन लावून पहाटे साडेपाचला सगळ्यांना उठवतात, तिच्या घराण्यात असे पराक्रमी पुरुष झाले हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी झोपमोडीची तक्रार बंद केली आहे.

आता माझ्या व्हाउचरकडे येतो. त्या जुन्या काळात ब्रिटनमध्ये जे कोष्टक रुळले होते त्यात दोनही नव्हता! एकदा पाय टेकला तर एक. एकापेक्षा जास्त वेळा टेकला तर तीन. थांबला तर पाच. एक, तीन, पाच, अशा तीनच पायऱ्या. म्हणजे चार गहाळ झालेला नाही, तो कधी आलाच नव्हता. उपरा आहे तो दोन. दोनदा पाय टेकणारा आणि दहादा टेकणारा यांना एकाच दावणीला बांधणे बरे नव्हे, म्हणून पुढे मध्ये दोन घातला. तीन आणि पाच यांच्यामध्ये मात्र कोणी काही घातले नाही.

का घालावे? तिथे बसणार कोण? स्वार टप्प्यातून बाहेर तरी आला किंवा आला तरी नाही. पाय घासत, धापा टाकत, चिखल उडवत, लोक हसत असताना जो शेवटच्या खुणेपर्यंत आला, त्याचे तीन गेले. ज्याने मध्येच नाद सोडला, त्याचे पाच. ती मधली रिकामी जागा म्हणजे न थांबल्याचे बक्षीस आहे. हे कोणी ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. चांगले नियम बहुधा कोणी ठरवून केलेले नसतात. पण रात्री अकरा वाजता हे माझ्या ध्यानात आले आणि मी अंथरुणात उठून बसलो. मराठीत हात टेकले म्हणजे संपले. पाय टेकले म्हणजे काय, हे आपण कधी ठरवलेलेच नाही. या लोकांनी ठरवले: एक गुण.

"चार सापडला," मी म्हणालो.

"झोपा आता," ही म्हणाली.

पण कोष्टक झाले म्हणून भांडण संपत नाही. आमच्या वेतनकराराचे तसेच आहे. एकेक गुण वाचवायचा तर गाडी हलकी हवी. बेलफास्टचा सॅमी मिलर १९६४ मध्ये स्कॉटलंडची चाचणी जिंकला तो एरियल या जड ब्रिटिश गाडीवर. तिचा नंबर होता जीओव्ही १३२. नंबरात 'गव्ह' असूनही गाडी वेळेवर पोचायची, हे विशेष. त्यानंतर तो बार्सिलोनाच्या बुल्टाको कंपनीकडे गेला आणि १९६५ मध्ये तीच चाचणी तिच्या नव्या, हलक्या गाडीवर जिंकला. त्यानंतर ब्रिटनच्या जड गाड्यांचे दिवस भरले. आजची गाडी सत्तर किलोच्या आसपास असते. वजन कमी करता करता सीटही गेली. उभ्यानेच चालवायचे तर बसायला जागा कशाला? हे तत्त्व मुंबईच्या लोकलने फार आधी शोधले होते.

दुसरे भांडण थांबण्यावरून. जुना नियम सोपा होता: पाय टेकलास तरी चालेल, थांबू नकोस. पण १९७५ मध्ये या खेळाचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले आणि पुढे अशी पोरे आली की ती थांबूनही पाय टेकत नव्हती! कॅटलोनियाचा जॉर्डी तारेस सायकलवरच्या अशाच खेळातून आला होता. गाडी जागच्या जागी उभी करायची, बेडकासारखी उड्या मारत बाजूला सरकवायची, विचार करायचा, मग पुढे. १९८७ ते १९९५ या काळात तो सात वेळा जगज्जेता झाला. नियमांनाही थांबण्याला सूट द्यावी लागली. अडथळे मोठे होत गेले आणि साध्या क्लबातला हौशी माणूस ते बघून घरीच बसू लागला, अशी जुन्या मंडळींची तक्रार. शेवटी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने जागतिक स्पर्धेत 'थांबायचे नाही' हा नियम पुन्हा आणला. मग नवीन भांडण. थांबणे म्हणजे किती थांबणे? अर्धा सेकंद? पापणी लवेपर्यंत? निरीक्षक म्हणतो थांबलास, स्वार म्हणतो श्वास घेतला. नियमांची ही ओढाताण त्यानंतरही चालूच राहिली. कॅटलोनियाच्याच टोनी बू याला मात्र तिचे सोयरसुतक नाही. २००७ ते २०२४ अशी सलग अठरा वर्षे उघड्यावरचे अजिंक्यपद त्यानेच घेतले. थांबा म्हटले की थांबून जिंकायचे, थांबू नका म्हटले की न थांबता. बदलीचा हुकूम असा घेणारा माणूस मी नोकरीत एकही पाहिलेला नाही.

या अभ्यासात मला सर्वात जास्त चटका लावून गेला तो वेगळाच एक माणूस. मोठ्या स्पर्धांत स्वाराबरोबर एक मदतनीस असतो. धोक्याच्या जागी तो खाली हात पसरून उभा राहतो. गाडी उलटली तर झेलायला. पण गाडी उलटण्याआधी त्याने नुसता हात लावला, तरी स्वाराचे पाच गेले! म्हणजे जवळ राहायचे, हात पुढे ठेवायचे आणि लावायचे नाहीत. हे वाचले आणि मी बराच वेळ पुढचे वाचू शकलो नाही. आम्हा बापलोकांची नोकरी कुठल्या तरी नियमावलीत लिहून ठेवलेली असेल असे मला वाटले नव्हते.

पुढच्या रविवारी मी कन्येला घेऊन शाळेच्या मागच्या मैदानावर गेलो. खडूने आठ काढला. खिशात कोऱ्या पे-इन-स्लिपा होत्याच. त्यांच्या पाठीवर रकाने पाडले आणि निरीक्षक म्हणून उभा राहिलो. पहिली फेरी: वळणावर गाडी कलली आणि मी धावत जाऊन मागचे हँडल धरले.

"बाबा, हात लावलात. पाच!" कन्या म्हणाली. भाच्याने तिलाही सगळे शिकवले होते. नियम म्हणजे नियम. मी पाच लिहिले. ते तिचे गेले, चूक माझी होती, आणि हेही नियमाला धरूनच होते.

दुसरी फेरी: डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा, मग मोजायचे कारणच उरले नाही. आठाचा आकार बिघडून भेंडीसारखा झाला. पण ती थांबली नाही. चेहरा लालबुंद करून शेवटापर्यंत गेली. मी तीन लिहिले.

"तीनच?" तिने चष्मा पुसत विचारले. "मी तर सातआठदा टेकले."

"तीनच. त्या दिवशी तू आणि तो मुलगा सारखे होतात का म्हणून विचारत होतीस ना? नव्हतात. तुझा एक होता. त्याचे पाच."

ती काही बोलली नाही. पण तिसरी फेरी तिने जरा हळू, जरा ताठ बसून काढली. दोन. मग एक. मग पुन्हा दोन. अंधार पडेपर्यंत स्लिपा संपल्या.

दुसऱ्या खेपेच्या परीक्षेला मी बरोबर गेलो होतो. ठरल्याप्रमाणे हात मागे बांधून, कुंपणाला टेकून उभा. तिने आठ काढला. साहेबांनी मान खाली घालून "पास, पुढचा!" म्हटले. मी पुढे होऊन विचारले, "साहेब, एकदाही टेकला नाही ना?" त्यांनी वर पाहिले. असा प्रश्न विचारणारा पालक त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. "नाही हो," ते म्हणाले, "एकदाही नाही."

संध्याकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारी गेलो. शेजारच्या काकूंनी विचारले, "काय विशेष?"

"मुलीला शून्य मिळालं," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे फार करुणेने पाहिले आणि माझा मान राखण्यासाठी दोन पेढे घेतले.